जे. वेटीज वेअरिंग न्याय केंद्र, चार्ल्सटन

जे. वेटीज वेअरिंग न्याय केंद्र ही अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन या शहरात असलेली संघीय न्यायालयाची इमारत आहे. ब्रॉड आणि मीटिंग या दोन जुन्या रस्त्यांच्या चौकाला लागून ती उभी आहे. चार्ल्सटनमध्येच जन्मलेले आणि १९४२ ते १९५२ या काळात तेथे संघीय जिल्हा न्यायाधीश असलेले ज्युलियस वेटीज वेअरिंग (१८८०–१९६८) यांचे नाव या इमारतीला २०१५ साली देण्यात आले. त्यापूर्वी ती सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्स यांच्या नावाने ओळखली जात असे. आपले नाव काढून वेअरिंग यांचे नाव द्यावे, अशी विनंती स्वतः हॉलिंग्स यांनी केली होती.

ज्या गावाने वेअरिंग यांना हयातीत वाळीत टाकले, त्याच गावातील न्यायमंदिराला त्यांचे नाव मिळाले, हे या नामकरणाचे वैशिष्ट्य आहे. शाळांतील वर्णविभक्ती घटनाबाह्य आहे, असे १९५१ साली त्यांनी याच न्यायालयात आपल्या भिन्नमत निकालपत्रात लिहिले. तेव्हा ते मत अल्पमतात राहिले. पुढे तीनच वर्षांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तोच निष्कर्ष काढला.

स्थान आणि परिसर

चार्ल्सटन हे अटलांटिक महासागराच्या काठावरील जुने बंदर आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या पहिल्या तोफा एप्रिल १८६१ मध्ये याच बंदरातील फोर्ट समटर या किल्ल्यावर डागल्या गेल्या. वेअरिंग न्यायाधीश झाले त्या सुमारास, १९४०च्या जनगणनेनुसार, शहराची लोकसंख्या ७१ हजारांच्या आसपास होती. जुन्या घराण्यांचे एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या नातेसंबंध होते आणि प्रतिष्ठित समाज अगदी मर्यादित होता. पुढे वेअरिंग यांच्या वाट्याला आलेला बहिष्कार समजून घेण्यासाठी शहराचे हे स्वरूप ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

ब्रॉड आणि मीटिंग या रस्त्यांचा चौक ‘कायद्याचे चार कोपरे’ या नावाने प्रसिद्ध आहे. एका कोपऱ्यावर अठराव्या शतकातील सेंट मायकेल चर्च आहे, दुसऱ्यावर नगरभवन, तिसऱ्यावर काउंटीचे न्यायालय आणि चौथ्यावर संघीय न्यायालय व टपाल कार्यालय. ईश्वराचा, नगराचा, राज्याचा आणि संघराज्याचा असे चारही कायदे येथे एकत्र नांदतात, अशी या नावामागची कल्पना आहे.

इमारतीचा इतिहास

न्यायालयाचा हा परिसर दोन इमारतींनी बनलेला आहे. चौकातील जुनी इमारत १८९६ साली पूर्ण झाली. जॉन हेन्री डेव्हरो हे तिचे वास्तुविशारद होते. तिची रचना प्रबोधनकालीन पुनरुज्जीवन शैलीतील असून बांधकाम ग्रॅनाइटचे आहे. या जागी पूर्वी नगररक्षकांची चौकी होती; १८८६च्या मोठ्या भूकंपात तिची हानी झाली. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर टपाल कार्यालय आणि वर न्यायालय अशी व्यवस्था करण्यात आली.

इमारत पूर्ण झाली त्याच वर्षी, म्हणजे १८९६ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ या खटल्याचा निकाल दिला. सोयी समान असतील, तर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय नागरिकांसाठी त्या वेगवेगळ्या ठेवणे घटनेच्या विरुद्ध नाही, असे त्या निकालाने ठरवले. ‘विभक्त, पण समान’ या नावाने हे तत्त्व रूढ झाले. पुढील अर्ध्या शतकात दक्षिणेकडील राज्यांत शाळा, रेल्वेचे डबे, उपाहारगृहे, इस्पितळे, इतकेच नव्हे तर पाण्याचे नळही वेगळे झाले. विभक्तीचे पालन कसोशीने होत असे. समानतेकडे मात्र कोणी लक्ष देत नसे.

न्यायालयाचे काम वाढल्यानंतर १९८०च्या दशकात जुन्या इमारतीला जोडून मीटिंग रस्त्याच्या बाजूस नवी इमारत बांधण्यात आली. या बांधकामासाठी निधी मिळवून देणारे सिनेटर म्हणून अर्नेस्ट हॉलिंग्स यांचे नाव तिला देण्यात आले. २०१५ साली बदलले ते हेच नाव. वेअरिंग यांनी प्रत्यक्षात न्यायदान केले ते मात्र १८९६च्या जुन्या इमारतीतील दालनात.

ज्युलियस वेटीज वेअरिंग

पूर्वायुष्य

वेअरिंग यांचा जन्म २७ जुलै १८८० रोजी चार्ल्सटन येथे झाला. घराणे कित्येक पिढ्या तेथेच राहत आलेले होते. पूर्वजांकडे गुलाम होते आणि वडील यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढले होते. १९०० साली चार्ल्सटन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी एका वकिलाच्या कार्यालयात राहून कायद्याचा अभ्यास केला आणि वकिलीस प्रारंभ केला. १९१४ पासून काही वर्षे ते संघशासनाचे सहायक सरकारी वकील होते. १९३०च्या दशकात चार्ल्सटन नगरपालिकेचे कायदेविषयक सल्लागार म्हणून त्यांनी काम पाहिले. वर्णविभक्तीचे कट्टर समर्थक असलेले सिनेटर एलिसन स्मिथ यांच्या १९३८च्या निवडणूक प्रचारात चार्ल्सटनची जबाबदारी वेअरिंग यांच्याकडे होती.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांची संघीय जिल्हा न्यायाधीशपदी निवड केली आणि जानेवारी १९४२ मध्ये सिनेटने तिला संमती दिली. त्या वेळी त्यांचे वय ६१ होते. प्रस्थापित समाजाच्या चौकटीत आयुष्य गेलेला हा माणूस काही वेगळे करील, अशी अपेक्षा त्या वेळी कोणाची नसावी.

पहिल्या काही वर्षांतील बदल लहान, पण लक्षणीय होते. ज्यूरीतील सदस्यांना वर्णानुसार वेगळे बसवण्याची प्रथा त्यांनी आपल्या न्यायालयात बंद केली. न्यायालयाच्या शिपाईपदावर त्यांनी एका कृष्णवर्णीयाची नेमणूक केली. कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांइतके वेतन मिळावे, यासाठी आलेल्या दाव्यांत त्यांनी शिक्षकांच्या बाजूने आदेश दिले.

आयझॅक वुडर्ड खटला

वेअरिंग यांच्या विचारांना निर्णायक वळण मिळाले ते एका हरलेल्या खटल्यामुळे. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सैनिक लष्करातून सन्मानाने मुक्त होऊन बसने घरी निघाला होता. त्याच्या अंगावर अजून गणवेश होता. वाटेत बसचालकाशी त्याची बोलाचाल झाली. बेट्सबर्ग या लहानशा गावी चालकाने पोलिसांना बोलावले. गावच्या पोलीसप्रमुखाने केलेल्या मारहाणीत वुडर्डचे दोन्ही डोळे कायमचे गेले.

राज्यशासनाने काहीच कारवाई केली नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने हा विषय राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्यापुढे मांडला आणि संघशासनाने पोलीसप्रमुखावर खटला भरला. नोव्हेंबर १९४६ मध्ये कोलंबिया येथे वेअरिंग यांच्यापुढे तो चालला. सरकारी पक्षाची तयारी अपुरी होती, ज्यूरी संपूर्ण गोऱ्यांची होती. अर्ध्या तासाच्या आत ज्यूरीने आरोपीला निर्दोष ठरवले. वेअरिंग यांच्या पत्नी एलिझाबेथ न्यायालयातून रडत बाहेर पडल्या.

या घटनेनंतर वेअरिंग पती-पत्नींनी दक्षिणेतील वर्णसंबंधांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल यांचा ‘ॲन अमेरिकन डिलेमा’ आणि डब्ल्यू. जे. कॅश यांचा ‘द माइंड ऑफ द साउथ’ हे ग्रंथ त्यांनी एकत्र वाचले. तिकडे ट्रुमन यांनी डिसेंबर १९४६ मध्ये नागरी हक्कांविषयी समिती नेमली आणि २६ जुलै १९४८ रोजी सैन्यदलांतील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. बेट्सबर्गमधील एका रात्रीचे परिणाम असे दोन दिशांनी पसरले.

मतदानाचा हक्क

त्या काळी साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅटिक पक्षाचे एकछत्री वर्चस्व होते. पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी होणारी प्राथमिक निवडणूक जो जिंकेल, तोच पुढे निवडून येणार हे ठरलेले असे. या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मतदान करू दिले जात नव्हते. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधील अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. तेव्हा साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने विशेष अधिवेशन भरवून प्राथमिक निवडणुकांविषयीचे आपले सर्व कायदे रद्द केले. कायदाच नसल्यामुळे पक्ष ही एक खाजगी मंडळी ठरते आणि खाजगी मंडळीने कोणाला प्रवेश द्यावा हा तिचा प्रश्न आहे, असा हा युक्तिवाद होता.

कोलंबियातील जॉर्ज एल्मोर या कृष्णवर्णीय व्यावसायिकाला १९४६च्या प्राथमिक निवडणुकीत मतदान नाकारण्यात आले. ‘एल्मोर विरुद्ध राइस’ या खटल्यात १२ जुलै १९४७ रोजी वेअरिंग यांनी हा युक्तिवाद फेटाळला. लोकप्रतिनिधी निवडण्याचे खरे काम जेथे होते, तेथे प्रत्येक नागरिकाला प्रवेश मिळालाच पाहिजे, असे त्यांनी ठरवले. साउथ कॅरोलिनाने आता पुन्हा संघराज्यात सामील व्हावे, असा टोलाही त्यांनी निकालपत्रात लगावला. वरिष्ठ न्यायालयातही हा निकाल टिकला.

याच दिवशी दुसऱ्या एका खटल्यात त्यांनी राज्यापुढे तीन पर्याय ठेवले: कृष्णवर्णीय अर्जदाराला राज्य विद्यापीठाच्या विधी विद्यालयात प्रवेश द्यावा, कृष्णवर्णीयांसाठी समकक्ष विद्यालय काढावे, किंवा असलेले विधी विद्यालय सर्वांसाठीच बंद करावे. राज्याने दुसरा मार्ग पत्करला. या टप्प्यावर वेअरिंग ‘विभक्त, पण समान’ या तत्त्वाच्या चौकटीतच न्याय देत होते, हे येथे लक्षात घ्यावे.

एल्मोर निकालानंतर पक्षाने नवी अट घातली. मतदाराने वर्णविभक्तीला आपला पाठिंबा असल्याची शपथ घ्यावी, अशी ती अट होती. १९४८ साली ‘ब्राउन विरुद्ध बॅस्किन’ या खटल्यात वेअरिंग यांनी तीही रद्द केली आणि आदेश मोडणाऱ्या पदाधिकाऱ्यांना तुरुंगवास भोगावा लागेल, अशी ताकीद दिली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या प्राथमिक निवडणुकीत हजारो कृष्णवर्णीय नागरिकांनी मतदान केले. या हक्काची किंमत मात्र एल्मोर यांना चुकवावी लागली. त्यांचा व्यवसाय बुडाला आणि ते आर्थिकदृष्ट्या उद्ध्वस्त झाले.

बहिष्कार

वेअरिंग यांच्यावरील बहिष्काराची दोन कारणे सांगितली जातात. त्यांतील पहिले घरगुती आहे. १९४५ साली त्यांनी बत्तीस वर्षांच्या संसारानंतर पहिल्या पत्नीपासून घटस्फोट घेतला आणि उत्तरेकडून आलेल्या एलिझाबेथ यांच्याशी विवाह केला. साउथ कॅरोलिनात तेव्हा घटस्फोटाला कायद्याची मान्यताच नव्हती. पहिली पत्नी जुन्या चार्ल्सटनमधील, सर्वांच्या आदरातील होती. प्रतिष्ठित घरांची दारे येथूनच बंद होऊ लागली. वेअरिंग यांचे पुढचे निकाल हा समाजावर उगवलेला सूड होता, असे त्यांचे विरोधक म्हणत. शिक्षकांच्या वेतनाविषयीचा पहिला आदेश मात्र या विवाहाच्या आधीचा, १९४४ सालचा आहे.

दुसरे कारण अर्थातच निकाल. १९४८ नंतर धमकीची पत्रे आणि रात्री-अपरात्री येणारे दूरध्वनी नित्याचे झाले. जानेवारी १९५० मध्ये एलिझाबेथ यांनी चार्ल्सटनमधील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संस्थेत भाषण करून दक्षिणेतील गोऱ्या समाजावर अतिशय कठोर शब्दांत टीका केली. त्यानंतर संताप शिगेला पोहोचला. वेअरिंग यांच्यावर महाभियोग चालवावा, अशी मागणी राज्याच्या विधिमंडळातून झाली. त्यांच्या घराजवळ क्रूस जाळण्यात आला. ऑक्टोबर १९५० मध्ये पती-पत्नी घरात बसले असताना खिडकीतून काँक्रीटचे तुकडे फेकण्यात आले. हे घर न्यायालयापासून थोड्याच अंतरावर, त्याच मीटिंग रस्त्यावर होते.

‘कॉलियर्स’ या साप्ताहिकाने १९५० साली त्यांच्यावर लेख प्रसिद्ध केला. गावातला सर्वांत एकाकी माणूस, असे त्यात त्यांचे वर्णन होते. जुने गोरे मित्र दुरावले असले, तरी त्यांच्या घरी आता कृष्णवर्णीय पाहुणे जेवायला येत आणि चार्ल्सटनमध्ये हीदेखील अपूर्व गोष्ट होती.

संघीय न्यायाधीशाची नेमणूक आजीवन असते आणि महाभियोगाशिवाय त्याला पदावरून दूर करता येत नाही. महाभियोगाचा अधिकारही राज्याच्या विधिमंडळाला नसून अमेरिकन काँग्रेसला आहे. राज्यातील लोकमत पूर्णपणे विरोधात असताना वेअरिंग पदावर राहू शकले, याचे कारण घटनेतील ही तरतूद होय.

ब्रिग्ज विरुद्ध एलियट

चार्ल्सटनच्या उत्तरेस असलेल्या क्लॅरेंडन काउंटीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या अधिक होती. गोऱ्या मुलांना शाळेत नेण्यासाठी ३० बस होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. ती मुले कित्येक मैल चालत जात. १९४९–५० या वर्षी काउंटी दर गोऱ्या विद्यार्थ्यामागे १७९ डॉलर खर्च करत असे आणि दर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यामागे ४३ डॉलर.

जोसेफ डीलेन हे धर्मोपदेशक व शिक्षक आणि लीव्हाय पिअर्सन हे शेतकरी यांनी प्रथम फक्त एक बस मागितली. ती मिळाली नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये शंभराहून अधिक पालक व विद्यार्थ्यांनी समान शिक्षणासाठी निवेदनावर सह्या केल्या. सही करणाऱ्यांत पहिले नाव नौदलातून परतलेले हॅरी ब्रिग्ज यांचे होते. ते पेट्रोल पंपावर काम करत. त्यांची नोकरी गेली, त्यांच्या पत्नी एलायझा यांचीही गेली. डीलेन यांचे घर जाळण्यात आले आणि अखेर त्यांना राज्य सोडावे लागले.

हा दावा प्रथम समान सोयींसाठी दाखल झाला होता. एनएएसीपीचे वकील थरगूड मार्शल नोव्हेंबर १९५० मध्ये सुनावणीपूर्व बैठकीसाठी चार्ल्सटनला आले. तेव्हा वेअरिंग यांनी त्यांना वेगळाच मार्ग सुचवला. सोयींतील विषमतेचा दावा त्यांना एकट्याने ऐकता आला असता आणि तो मार्शल यांनी जिंकलाही असता. परंतु वर्णविभक्ती हीच घटनाबाह्य आहे की नाही, हा मूळ प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहिला असता. मूळ प्रश्न विचारायचा तर तत्कालीन नियमानुसार तीन न्यायाधीशांचे खंडपीठ बसले असते आणि तेथे हार जवळजवळ निश्चित होती. पण अशा खंडपीठाच्या निर्णयावरील अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जात असे. मार्शल यांनी जुना दावा मागे घेऊन नवा दाखल केला. जिंकता येईल असा दावा सोडून हरण्याची शक्यता असलेला दावा पत्करण्याचा हा निर्णय पुढील इतिहासाला कारणीभूत ठरला.

सुनावणी २८ व २९ मे १९५१ रोजी झाली. क्लॅरेंडनहून शेकडो कृष्णवर्णीय नागरिक पहाटेपासून न्यायालयाबाहेर रांगेत उभे होते. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी बाहुल्यांच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांविषयी साक्ष दिली. गोरी आणि सावळी अशा दोन बाहुल्या पुढे ठेवल्या असता कृष्णवर्णीय मुलेही गोऱ्या बाहुलीला चांगली म्हणत. विभक्तीमुळे मुलांच्या मनात स्वतःविषयी न्यूनभाव रुजतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. राज्याच्या वकिलाने प्रारंभीच सोयींतील विषमता मान्य केली आणि ती दूर करण्यासाठी मुदत मागितली. विभक्ती टिकवण्यासाठी समानतेवर खर्च करण्याची तयारी, असे त्या भूमिकेचे सार होते.

निकाल जून १९५१ मध्ये लागला. न्यायमूर्ती जॉन पार्कर आणि जॉर्ज टिमरमन यांनी सोयी समान करण्याचा आदेश दिला. विभक्ती मात्र कायम ठेवली. वेअरिंग यांनी स्वतंत्र भिन्नमत लिहिले. वर्णाच्या आधारे केलेली विभक्ती हीच मुळात विषमता आहे, इमारती आणि बस सारख्या केल्याने ती नाहीशी होत नाही, असा त्याचा गाभा होता. सामान्य माणसांनी नोकरी व जीव धोक्यात घालून न्यायालयाचे दार ठोठावले असताना मूळ प्रश्नाला बगल देणे योग्य नव्हे, अशी त्यांची धारणा होती. भिन्नमतामुळे निकाल बदलत नाही. तथापि वरिष्ठ न्यायालयापुढे आणि पुढील पिढ्यांपुढे दुसरी बाजू लेखी स्वरूपात राहते.

‘ब्रिग्ज’ हा पुढे ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या नावाखाली एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी एक ठरला. १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी सर्वोच्च न्यायालयाचा एकमताचा निकाल वाचला. शिक्षणाच्या क्षेत्रात विभक्त सोयी स्वभावतःच असमान असतात, असे त्यात म्हटले होते. १८९६चे तत्त्व शालेय शिक्षणापुरते संपुष्टात आले.

अखेरची वर्षे

सत्तर वर्षे वय आणि दहा वर्षे सेवा पूर्ण झाल्यावर पूर्ण वेतनासह निवृत्त होण्याची तरतूद होती. ती पूर्ण होताच फेब्रुवारी १९५२ मध्ये वेअरिंग निवृत्त झाले आणि न्यू यॉर्कला स्थायिक झाले. ब्राउन निकालाच्या दिवशी संध्याकाळी एनएएसीपीचे कार्यकर्ते त्यांच्याच घरी जमले होते. ११ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधी चार्ल्सटनच्या मॅग्नोलिया स्मशानभूमीत झाला. सुमारे २०० कृष्णवर्णीय नागरिक त्याला उपस्थित होते. गोरे डझनभरही नव्हते.

नामांतर

अमेरिकेत संघीय इमारतीला एखाद्या व्यक्तीचे नाव देण्यासाठी सामान्यतः काँग्रेसला कायदा करावा लागतो. दिलेले नाव बदलण्यासाठीही तोच मार्ग असतो. हयात राजकीय नेत्याचे नाव त्याच्याच विनंतीवरून उतरवले जाण्याचे प्रसंग फार विरळा आहेत.

अर्नेस्ट हॉलिंग्स (१९२२–२०१९) हेही चार्ल्सटनचेच. ब्रिग्ज खटल्याच्या काळात ते राज्य विधिमंडळाचे तरुण सदस्य होते. ‘विभक्त, पण समान’ हे तत्त्व वाचवता यावे, यासाठी शाळांवर खर्च करण्याकरिता विक्रीकर लावण्याच्या प्रयत्नांत त्यांचा पुढाकार होता. १९५९ ते १९६३ या काळात ते राज्यपाल होते. पदावरून उतरताना, जानेवारी १९६३ मध्ये, न्यायालयांचा आदेश मानून शांततेने विभक्ती संपवावी असे आवाहन त्यांनी विधिमंडळाला केले. तरीही १९६७ साली थरगूड मार्शल यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक झाली, तेव्हा सिनेटर हॉलिंग्स यांनी विरोधात मत दिले होते.

अशा पार्श्वभूमीच्या नेत्याने वयाच्या नव्वदीनंतर आपले नाव काढण्याची विनंती केली. आपण केवळ इमारतीसाठी पैसे मिळवून दिले, इतिहास घडवला तो वेअरिंग यांनी, असे त्यांचे म्हणणे होते. साउथ कॅरोलिनाचे कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी जेम्स क्लायबर्न यांनी काँग्रेसमध्ये विधेयक मांडले. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या स्वाक्षरीने २०१५ साली त्याचा कायदा झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये नामकरणाचा समारंभ पार पडला.

त्याच वर्षी १७ जून रोजी चार्ल्सटनमधील इमॅन्युएल चर्चमध्ये वर्णद्वेषातून झालेल्या गोळीबारात नऊ कृष्णवर्णीय उपासकांचा बळी गेला. नामांतराचा प्रस्ताव या घटनेच्या आधीचा आहे. मात्र आरोपीवरील संघीय खटला नवे नाव लागलेल्या याच न्याय केंद्रात चालला. डिसेंबर २०१६ मध्ये ज्यूरीने त्याला सर्व ३३ आरोपांत दोषी ठरवले आणि जानेवारी २०१७ मध्ये मृत्युदंडाची शिक्षा दिली. सत्तर वर्षांपूर्वी वुडर्ड खटल्यातील ज्यूरीला निर्दोषत्वाचा निर्णय देण्यास अर्धा तासही लागला नव्हता.

संबंधित स्मारके

न्यायालयाच्या बागेत वेअरिंग यांचा पूर्णाकृती कांस्य पुतळा असून त्याचे अनावरण एप्रिल २०१४ मध्ये झाले. याच न्यायालयातील न्यायाधीश रिचर्ड गर्गेल यांनी वुडर्ड, ट्रुमन आणि वेअरिंग यांच्याविषयी लिहिलेला ‘अनएक्झाम्पल्ड करेज’ हा ग्रंथ २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी टिन्सली यारब्रो यांचे वेअरिंग यांच्यावरील चरित्र १९८७ साली प्रकाशित झाले होते. बेट्सबर्ग येथे २०१९ साली वुडर्ड यांच्या स्मरणार्थ फलक उभारण्यात आला. त्याचा काही मजकूर ब्रेल लिपीत आहे.

डीलेन, पिअर्सन आणि ब्रिग्ज पती-पत्नी यांना अमेरिकन काँग्रेसने २००४ साली मरणोत्तर सुवर्णपदक देऊन गौरवले. ज्यांच्या सह्यांमुळे खटला उभा राहिला, त्यांची आठवण न्यायाधीशाच्या नावाइतकीच महत्त्वाची आहे. वेअरिंग यांनी स्वतःच्या भिन्नमतातही या फिर्यादींच्या धैर्याची दखल घेतली होती.

काही गैरसमज

वेअरिंग यांनी ब्रिग्ज खटल्याचा निकाल फिर्यादींच्या बाजूने दिला, असे कधी कधी समजले जाते. ते बरोबर नाही. खंडपीठाचा निकाल दोन विरुद्ध एक असा लागला आणि वेअरिंग यांचे मत अल्पमतात होते. तसेच शाळांतील विभक्ती त्यांच्या भिन्नमतामुळे किंवा १९५४च्या निकालामुळे लगेच संपली, असेही नव्हे. साउथ कॅरोलिनातील सार्वजनिक शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्या मुलांबरोबर पहिला प्रवेश मिळाला तो १९६३ साली, आणि तोही चार्ल्सटन शहरातच. अकरा मुलांना न्यायालयाच्या आदेशाने तो मिळाला. त्या वेळी वेअरिंग न्यू यॉर्कमध्ये हयात होते.